बेणे पारखून, खेळ मात्र डोळे झाकून!



या पानावर मी एरवी लिहितो ते लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची जोपासना अशा विषयांवर. यावेळी लिहितो आहे मोबाईलवरच्या खेळांवर. विषय वाचून काहीजण म्हणतील, “शेतकी खात्याला आता कामं उरली नाहीत वाटतं!” बंधूंनो, कामे भरपूर आहेत. परंतु हुमणीला सबंध हंगाम लागतो तेवढे नुकसान एका रात्रीत खात्यातून कसे होते, हे मी स्वतः भोगले आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, एवढ्याच हेतूने हा लेख. यातली मते माझी स्वतःची आहेत, कारखान्याची म्हणून कोणी धरू नयेत.

प्रथम माझ्या घरची हकिकत सांगतो. माझा मुलगा आठवीत शिकतो. संध्याकाळी प्लॉट पाहून मी घरी टेकलो की माझा फोन त्याच्या हातात. मीही म्हणायचो, खेळू दे तासभर, शाळेतून दमून आलंय पोरगं. त्याच्या वर्गातल्या कोणीतरी मित्रांच्या ग्रुपवर एका मोटारींच्या खेळाची फाईल टाकली. मूळ खेळात नव्या मोटारी घ्यायला पैसे पडतात, या फाईलीत म्हणे सगळ्या मोटारी खुल्या, नाणी पाहिजे तेवढी, आणि पैसे शून्य. त्याने ती माझ्या फोनवर घातली. खेळ झकास चालला. मी स्वतः त्याच्याबरोबर दोन डाव खेळलो. यातच खरी मेख आहे. खेळ चालला नसता तर पोराने तो काढून तरी टाकला असता.

सात-आठ दिवसांनी पंपावर पेट्रोल भरले आणि पैसे द्यायला गेलो, तर खात्यात शिल्लक नाही. मला वाटले, रेंजचा घोटाळा असेल. खात्याचा उतारा पाहिला, तर आदल्या रात्री दोनच्या सुमारास तीन वेळा मिळून ३८,४०० रुपये गेलेले. मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची म्हणून ते बाजूला ठेवले होते. बँकेकडून ओटीपीचे संदेश आले होते, पण त्या खेळाच्या पोटात बसलेल्या प्रोग्रॅमने ते वाचून मला दिसण्याआधीच पुसून टाकले होते. मी घरात घोरत होतो आणि माझाच फोन चोराला दार उघडून देत होता.

घरी आलो आणि पोराच्या एक थोबाडीत ठेवून दिली. त्या थोबाडीतची आज मला लाज वाटते. रडत रडत ते पोरगं म्हणालं, “पप्पा, तुम्हीपण तसंच दाबलं होतं की!”

त्याचे म्हणणे खरे होते. त्याआधी दोन महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने कामाच्या उपयोगाचे म्हणून एक ॲप मला फाईल करून पाठवले होते. फोनने बजावले, की हे अनोळखी ठिकाणचे आहे, धोका होऊ शकतो. मी घाईत होतो. ‘परवानगी द्या’ दाबले, पुढे ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबले आणि मोकळा झालो. पोरगं शेजारी बसून बघत होतं. त्या दिवशी उघडलेले दार मी पुन्हा लावलेच नाही. पोराने नवीन काहीच केले नाही, बापाने दाखवलेल्या वाटेने ते गेले एवढेच.

दुसरी चूक याहून मोठी. मी दोन दिवस कोणाला सांगितलेच नाही. सभासदांना उपदेश करणारा माणूस पोरांच्या खेळात फसला, हे लोकांना कळले तर गटकार्यालयात काय तोंड दाखवायचे, या लाजेपायी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी तक्रार केली, तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पसार झाले होते. ते परत आले नाहीत. मुलीची फी सोसायटीतून उसने काढून भरली.

आता हा प्रकार काय आहे ते आपल्या भाषेत सांगतो. संगणकाच्या आणि मोबाईलच्या जगात घातकी प्रोग्रॅमला मालवेअर म्हणतात. त्यातच एक जात स्पायवेअरची, म्हणजे हेराची. ती लगेच काही मोडत नाही की चोरत नाही. गुपचूप बसून आपले संदेश वाचते, आपण दाबलेला पिन टिपते, फोटो आणि नंबर बाहेर पाठवते. पुढे कधी घाव घालायचा ते तिचा मालक ठरवतो.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. काणी रोग आपण सगळ्यांनी पाहिला आहे. काणीच्या फडातले बेणे हातात घेतले तर टिपरी कशी दिसते? डोळा चांगला, रंग चांगला, वजन चांगले. लागण होते, उगवण होते, आपण खुशीत असतो. काही महिन्यांनी शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा बाहेर पडतो, तेव्हा कळते की रोग बेण्यातूनच आला होता. गवताळ वाढीचेही तसेच, तोही बेण्याबरोबर येतो. म्हणून तर आपण मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी बेण्याची शिडी उभी केली. फुकटातले बेणे घेणाऱ्याला आपलेच जुने सभासद विचारतात, “कुणाच्या फडातलं आणलंस रे?” खेळाच्या फाईलीला मात्र हा प्रश्न आपण कधीच विचारत नाही. माझा सगळा लेख या एका प्रश्नाचा आहे.

हा रोग काल-परवाचा नाही. १९७५ साली अमेरिकेत जॉन वॉकर नावाच्या प्रोग्रॅमरने युनिव्हॅकच्या मोठ्या संगणकांसाठी ‘ॲनिमल’ नावाचा खेळ केला. तुम्ही मनात एखादा प्राणी धरायचा आणि संगणकाने प्रश्न विचारून तो ओळखायचा. लोक खेळात रंगले असता त्याच्यातला दुसरा छोटा प्रोग्रॅम खेळाच्या प्रती संगणकात जागोजाग ठेवत सुटायचा. त्याने नुकसान काही केले नाही, पण पुढची वाट दिसली. १९८२ साली रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने ॲपल टू संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ नावाचा विषाणू तयार केला. मित्र एकमेकांना खेळांच्या फ्लॉपी द्यायचे, त्यांतून तो पसरायचा. फ्लॉपीवरून संगणक पन्नासाव्यांदा सुरू केला की पडद्यावर थट्टेच्या ओळी दिसायच्या. तेव्हा ती पोराची गंमत होती. आज हाच धंदा झाला आहे, आणि धंदेवाल्याला थट्टेत रस नसतो.

खेळच का, असे कोणी विचारील. कारण खेळ हवासा असतो. लोकांना जे पाहिजे पण मिळत नाही, तिथे भेसळवाला हजर असतो. युरियाची टंचाई झाली की गोणीत काय काय निघते ते आपण पाहिले आहे. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा खेळ आधी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेत निघाला. बाकीच्या जगाला वाट पाहायची होती, पण धीर कोणाला? लोकांनी इकडून तिकडून फाईली मिळवल्या. काही दिवसांतच प्रूफपॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीला त्या खेळाची एक अशी फाईल सापडली, की जिच्या पोटात ‘ड्रॉइडजॅक’ नावाचा हेर होता. खेळ उघडला की दिसायला अगदी मूळ खेळासारखा, आणि मागच्या दाराने फोनचा ताबा परक्याच्या हाती. आपल्या देशात तो खेळ रीतसर आला डिसेंबर २०१६ मध्ये. मधल्या पाच महिन्यांत ज्या कोणी तो इथे खेळला, त्याने फाईल कुठूनतरी आडमार्गानेच आणली होती.

त्याहून जवळचे उदाहरण पब्जीचे. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने त्यावर बंदी घातली. त्याची जागा घेणारा भारतातला खेळ जुलै २०२१ मध्ये आला. म्हणजे मध्ये दहा महिने दुकान बंद आणि गिऱ्हाईक तर दारात उभे. त्या दिवसांत पारावर बसून एकमेकांच्या फोनमध्ये फाईली घालणारी पोरे मी आपल्या गावांतून पाहिली आहेत. प्रत्येक फाईलीत विष होते असे मी म्हणत नाही. पण कोणत्या फाईलीत होते आणि कोणत्या नव्हते, हे त्यांतल्या एकालाही सांगता आले नसते.

आणि रीतसर दुकानातला माल म्हणजे डोळे झाकून घ्यावा, असेही नाही. संगणकावरच्या खेळांचे ‘स्टीम’ हे जगातले मोठे दुकान. तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा फुकट खेळ आला आणि त्यात माहिती चोरणारा प्रोग्रॅम निघाला. कंपनीने खेळ काढून टाकला आणि ज्यांनी तो घेतला होता त्यांना कळवले, की संगणक तपासा, जमल्यास सगळा पुसून नव्याने भरा. प्रमाणित बेण्याच्या प्लॉटमध्येसुद्धा फिरून भेसळ उपटावीच लागते, तसलाच हा प्रकार. तरी प्रमाणित बेणे आणि रस्त्यावर पडलेले बेणे यांत फरक आहे तो आहेच.

परवा गटकार्यालयात हा विषय निघाला तेव्हा एक वयस्कर सभासद म्हणाले, “सायेब, आमच्याकडं चोरायला हाय काय? सगळं सोसायटीचं कर्ज!” सगळे हसले, मीही हसलो. पण तात्या, नीट विचार करा. ऊसबिल आता रोख मिळत नाही, खात्यावर जमा होते. ज्या दिवशी पहिला हप्ता जमा होतो, त्या दिवशी तुमच्या खात्यात चौदा-सोळा महिन्यांचे कष्ट असतात, आणि ती बातमी ज्या फोनवर येते तो फोन नातवाच्या हातात असतो. हेराला घाई नसते. खाते भरेपर्यंत तो थांबतो. पीककर्जाची रक्कम, आधार कार्डाचा फोटो, सातबारा, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडल्याचा संदेश, हे सगळे त्याच फोनमध्ये. शिवाय नुकसान एका घरापुरते राहत नाही. असे काही प्रोग्रॅम तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपवर तीच फाईल पाठवतात. काणीचा पट्टा फुटला की भुकटी वाऱ्याने शेजाऱ्याच्या फडात जाते ना, तसे. शेजारी ती फाईल उघडतो, कारण ती तुमच्या नावाने आलेली असते. सहकार विश्वासावर चालतो आणि चोर नेमका तोच विश्वास वापरतो.

दुसरे मत याच्या अगदी उलट. काहीजण म्हणतात, पोरांच्या हातातून मोबाईल काढूनच घ्या, सगळे खेळ बंद. मला हे पटत नाही. एक तर ते जमत नाही. तुम्ही घरी बंद कराल, पोरगं मित्राच्या फोनवर खेळेल. आणि दुसरे म्हणजे धाकाने पोर लपवायला शिकते. माझ्या पोराला नंतर विचारले तेव्हा तो म्हणाला, खेळ घातल्यावर फोन गरम होत होता, बॅटरी लवकर उतरत होती, मधूनच पडदा आपोआप हलायचा. “मग सांगितलं का नाहीस?” तर म्हणाला, “तुम्ही मारलं असतं.” बंधूंनो, आठवड्याभराचा इशारा माझ्या घरात होता आणि माझ्या धाकाने तो दाबून ठेवला होता. ज्या घरात पोराला चूक सांगता येते, ते घर लवकर सावरते.

मग करायचे काय? फार काही शिकावे लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पैशाचा फोन आणि खेळाचा फोन वेगळा ठेवावा. ज्या नंबरावर ऊसबिलाचे आणि बँकेचे संदेश येतात, तो नंबर ज्या फोनमध्ये आहे त्यावर खेळ नकोच. घरात जुना फोन पडलेला असतो, बँकेचे काही न घालता तो पोरांना द्या. बियाण्याची खोली आणि गोठा आपण एक करत नाही. हेही तसेच.

दुसरी गोष्ट, फाईल करून आलेला खेळ किंवा ॲप घेऊ नये, मग तो सख्ख्या भावाने पाठवलेला का असेना. अशा फाईलीच्या नावाशेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात, ती ओळखायला शिका. खेळ घ्यायचा तर फोनमधल्या प्ले स्टोअरसारख्या रीतसर दुकानातून. तिथेही बनवणाऱ्याचे नाव आणि लोकांचे अभिप्राय वाचून. ज्या खेळाला मुळात पैसे पडतात तो कोणी ‘सगळं खुलं’ करून फुकट देत असेल, तर देणारा त्याचे मोल दुसरीकडून वसूल करतो आहे, हे धरून चाला. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणची ॲप घालण्याची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते पाहा आणि ती सगळी बंद करा. मी बंद केली असती, तर माझे दार त्या दिवशी उघडे सापडले नसते.

तिसरी गोष्ट परवानग्यांची. मोटारींच्या खेळाला तुमचे संदेश वाचून काय करायचे आहे? नंबर कशाला पाहिजेत? ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची एक परवानगी असते. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत, अशांच्या सोयीसाठी ती केलेली आहे. ती ज्या ॲपला मिळते त्याला पडद्यावरचे सगळे वाचता येते आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. एखादा खेळ ती मागत असेल, तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा. वाटेकऱ्याला आपण वाट्याचे रान देतो, कपाटाची किल्ली देत नाही.

चौथी गोष्ट, एवढे करूनही फसगत झालीच तर. काणीचा पट्टा दिसला की आपण काय करतो? उपटून झटकत नाही. आधी त्यावर पिशवी घालतो, मग बेट खणून काढून जाळतो. इथे पिशवी घालणे म्हणजे फोनचे इंटरनेट ताबडतोब बंद करणे. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते रोखा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार देता येते. पिन आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, बिघडलेल्या फोनवरून नव्हे. शेवटी जाणत्या माणसाकडून तो फोन सगळा पुसून नव्याने भरून घ्या. खेळ नुसता काढून टाकला की काम झाले, असे समजू नका. बुडखा राहिला की फुटवे येतात.

यात वेळ सगळ्यात महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली काढलेल्या परिपत्रकातही हेच तत्त्व घातले होते. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान कळवण्याआधीचे ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे गप्प बसण्याचा एकेक तास आपल्याच खिशातून जातो. माझे दोन दिवस लाजेत गेले. चोराचे अर्धे काम माझ्या लाजेनेच केले.

जाता जाता कारखान्याच्या व्यवस्थापनाला आणि आम्हा कर्मचाऱ्यांना उद्देशून दोन शब्द. सभासदाला “अनोळखी फाईल उघडू नका” म्हणायचे आणि आपणच ग्रुपवर फाईली फिरवायच्या, हे शोभत नाही. माझी नम्र सूचना अशी, की कारखान्याने कोणतेही ॲप फाईल करून कधीही पाठवू नये, आणि तसे आपण पाठवत नाही हे दर हंगामाच्या सूचनापत्रकात ठळक छापावे. म्हणजे उद्या कारखान्याच्या नावाने ‘ऊसबिल पाहा’ म्हणून फाईल आली, तर ती खोटी आहे हे प्रत्येकाला आपोआप कळेल. पहिला हप्ता जमा होण्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक गटकार्यालयात एक दिवस फोन तपासणीला ठेवावा. बेणे तपासायला आपण बांधावर जातो, तर अर्धा तास यालाही देऊ. चिटबॉयपासून ओव्हरसिअरपर्यंत आमच्या खात्यातल्या पोरांना फोनमधले आमच्यापेक्षा जास्त कळते, त्यांना हे काम सांगावे. आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना त्या दिवशी बरोबर आणावे, बाहेर उभे करू नये.

घरी आता जुना फोन पोराकडे आहे. त्यावर तो खेळतो. नवा खेळ घालायचा झाला की माझ्याकडे येतो आणि आम्ही दोघे मिळून त्याने मागितलेल्या परवानग्या वाचतो. मला वाचायला चष्मा लागतो, म्हणून तो मोठ्याने वाचून दाखवतो. परवा एका खेळाने संदेश वाचायची परवानगी मागितली, तेव्हा मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, “नको पप्पा, हे काणीचं बेणं दिसतंय.”

३८,४०० रुपयांत मला एवढे मिळाले. तुम्हाला ते फुकट मिळावे, म्हणून लिहिले.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी